ओहोटी आहे की विहीर आटली आहे?

प्रश्न असा आला होता: "ताई, चार वर्षं पुण्यात फ्रीलान्स ऑडिओ करतेय. ऑडिओबुकचं एडिटिंग, दोन पॉडकास्ट आणि कंपन्यांच्या ट्रेनिंग व्हिडिओंचे व्हॉइसओव्हर. जूनपासून काम जवळजवळ थांबलंय. रेट कमी करू का? एखादा कोर्स लावू, की नवीन प्लगिन घेऊन शिकू? घरचे नोकरी बघ म्हणतात. आजोबा एसटीत कंडक्टर होते, ते रोज सकाळी विचारतात, 'आज ड्युटी नाही का?'"

आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू. कंडक्टरला ड्युटी डेपो लावून देतो. आपली आपल्यालाच लावून घ्यावी लागते, आणि काम नसतं तेव्हा तर जास्तच. मी २००३ साली अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत केबली गुंडाळायला लागले, २००९पासून स्वतंत्र आहे. बारा महिने फोन वाजत राहिला असं एकही वर्ष मला आठवत नाही.

रेट, कोर्स, प्लगिन (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची साधनं) हे सगळं नंतर बघू. आधी तुझी चार वर्षांची बिलं बाहेर काढ. एका मोठ्या कागदावर आडवे बारा महिने लिही आणि उभी कामाची जात: ऑडिओबुक, पॉडकास्ट, ट्रेनिंग, जाहिरात, जे काय असेल ते. प्रत्येक चौकोनात त्या महिन्याची रक्कम टाक. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

माझ्या कागदावर दोन खड्डे दर वर्षी दिसतात. एक साधारण अर्ध्या आषाढापासून गणपतीपर्यंत. गणपतीची गाणी तोवर रेकॉर्ड होऊन गेलेली असतात, दिवाळीच्या जाहिराती अजून कागदावरही नसतात. दुसरा पितृपक्षाचा. निर्माते मुहूर्त करत नाहीत, नवीन काही सुरू होत नाही, पंधरा दिवस शांतता. अधिक महिना आला की खड्डा आणखी रुंद. याउलट मार्चमध्ये कंपन्यांना बजेट संपवायचं असतं, तेव्हा जेवायला वेळ नसतो. २०२४ तर सगळंच वेगळं: लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात, प्रचाराच्या जिंगल्सनी रात्री जागवल्या आणि आचारसंहिता लागली की सरकारी जाहिरातींची कामं जिथल्या तिथे थांबली. पण हे सगळं येतं, जातं, परत येतं. ही ओहोटी.

त्याच कागदावर एक ओळ मात्र वेगळी आहे. कंपन्यांचे ट्रेनिंग व्हॉइसओव्हर. आधी दर महिन्याला काहीतरी असायचं, मग एक महिना सोडून, मग शून्य. सण, पाऊस, मार्च, कशाशीच त्याचा संबंध नाही. ती कामं आता संगणकाच्या आवाजात होतात, गिऱ्हाइकानेच मला तसं सांगितलं. ही ओहोटी नव्हे, ही विहीर आटली.

तुझा कागद न बघता सांगते: तुझ्याकडे दोन्ही आहे. पॉडकास्ट आणि ऑडिओबुक बहुधा भाद्रपदात हलतील. ट्रेनिंगची वाट बघू नकोस. हा फरक आधी कळायला हवा, कारण ओहोटीत होडी उपसून, डांबर लावून ठेवायची असते आणि विहीर आटली तर दुसरीकडे खणायचं असतं. मी २०२३मध्ये उलटं केलं. आटलेल्या विहिरीशी बसून रेट उतरवत गेले. पाणी आलं नाहीच, वर उरलेल्या गिऱ्हाइकांना नवा रेट कळला.

म्हणजे रेटचं उत्तर मिळालं: नाही. कुणाकडे खरोखरच पैसे कमी असतील तर काम कमी कर, दर नको. दोन रिव्हिजनऐवजी एक. म्युझिक त्यांचं. फाइल आठ दिवसांऐवजी पंधरा दिवसांनी. गिऱ्हाइकाला हे समजतं. उतरवलेला दर परत चढवताना मात्र त्याला काहीही समजत नाही.

आता थकलेले पैसे. मंदीतली सगळ्यात चांगली कमाई म्हणजे आधीच केलेल्या कामाची. तुझ्या कागदावर "बिल दिलं, पैसे आले नाहीत" असे चौकोन असतीलच, त्यांना लाल पेन लाव. फोन ज्याने काम दिलं त्याला करू नकोस, तो लाजेल, "बघतो" म्हणेल आणि पुढच्या वेळी तुझा फोन टाळेल. अकाउंट्समधल्या माणसाचं नाव काढून घे. "सर, अमुक नंबरचं बिल, अमुक तारखेचं, पेमेंटच्या यादीत आहे का तेवढं सांगाल?" इतकंच विचारायचं. सोबत बिल पुन्हा पाठवायचं, कारण "बिलच मिळालं नाही" हे उत्तर ठरलेलं असतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, केली नसशील तर याच आठवड्यात कर. ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट दिसतील, त्या सरकारी नव्हेत. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांची सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. मी आजवर एकदाच केली. पैसे आले, ते गिऱ्हाईक गेलं. त्यामुळे ते शेवटचं हत्यार. पण २०२४पासून कंपन्यांच्या हिशेबनिसांना दुसरी भीती आहे: आपल्यासारख्या छोट्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्यांना करात दाखवता येत नाही. बिलाच्या खाली उद्यम नंबर छापलेला असला की पुष्कळदा फोनही करावा लागत नाही. टीडीएस कापला असेल तर तो तुझ्या पॅनवर जमा झालाय का, तेही आयकराच्या संकेतस्थळावर बघून घे. माझे एकदा सव्वीस हजार कापले होते आणि भरलेच नव्हते.

मग सामान. पावसाळा हा आपल्या माइकांचा वैरी आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणात एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या घरी रेकॉर्डिंग होतं. हेडफोनमध्ये दर दोन मिनिटांनी तडतड. मोहरी फुटल्यासारखी. केबल बदलली, इंटरफेस बदलला, शेजारचा फ्रिज बंद करायला लावला. शेवटी बाईंनीच विचारलं, "तुझ्या माइकला ओल आली नसेल ना गं? आमच्या तंबोऱ्याला येते." तेच होतं. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज पकडणाऱ्या नाजूक भागात, दमट हवा बसली की असा आवाज येतो. तेव्हापासून माझे माइक लाडवांच्या मोठ्या हवाबंद डब्यात राहतात. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. तांदूळ टाकू नकोस, त्याची पूड माइकच्या जाळीत जाते. आणि रंग बदलणारं जेल परत सुकवायला स्वयंपाकाची कढई घेऊ नकोस, निळ्या जातीत विषारी क्षार असतो.

यात एक दिवस जातो. उरलेले दिवस कशात घालायचे, याचं माझं उत्तर तुला विचित्र वाटेल: बाहेर जा आणि आवाज जमव.

मी एका मालिकेचं साउंड करत होते, ऐंशीच्या दशकातल्या एका गावात घडणारी. पहिल्याच भागात नायिका एसटीने येते. साउंड लायब्ररीत बस शोधली तर शेकड्यांनी निघाल्या. दारं हवेने फुस्स करून उघडणाऱ्या, आत घोषणा करणाऱ्या, सगळ्या परक्या. आपली लाल गाडी कुठेच नाही. दार धाडकन आपटतं, मग दोरीची घंटा, टण टण, की गाडी हलते. एक टण म्हणजे थांबा. खिडक्यांच्या काचा खडखडतात, टपावर कुणीतरी टोपली चढवतं. हे विकत मिळत नाही. इंजिन एका लायब्ररीतलं, दार माझ्या कपाटाचं आणि घंटा देवघरातली, असं करून मी तो भाग भागवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पुढच्या पावसाळ्यात काम नव्हतं, तेव्हा रेकॉर्डर घेऊन निघाले. गेली कित्येक वर्षं दर मंदीत हेच करते. आज माझ्याकडे साडेचारशेच्या वर फाइली आहेत: पिठाची गिरणी सुरू होताना आणि बंद होताना, भाजीबाजार उघडायच्या आधीची पहाट, गावातल्या देवळात आरतीनंतर उरणारी कुजबुज, कौलारू शाळेची मधली सुट्टी, पालखीच्या दिवशी लांबून येणारे टाळ आणि मग अगदी जवळून जाणारी दिंडी. पॉडकास्ट असो, नाटक असो की जाहिरात, हे आवाज माझे म्हणून लोक मला बोलावतात. प्लगिन कुणालाही विकत घेता येतं.

पावसापासून सुरुवात कर, दारातच आहे. पण आधी सांगून ठेवते, पहिली फाइल ऐकून निराश होशील. पत्र्यावरचा मुसळधार पाऊस समोर माइक धरून घेतला की पाऊस वाटतच नाही, कढईत भजी सोडल्यासारखा नुसता चर्र आवाज येतो. कानाला पाऊस ओळखू येतो तो थेंबांवरून, एकेक सुटा थेंब कशावर पडतो त्यावरून. म्हणून जोर ओसरल्यावर रेकॉर्ड कर. पडवीत किंवा गॅलरीत चार-पाच हात आत उभी राहा आणि पागोळ्यांकडे तोंड कर. खाली एकदा पितळी घागर ठेव, एकदा प्लास्टिकची बादली, एकदा काहीच नको. तिन्ही पाऊस वेगळे असतात, आणि घागरीचा ऐकणाऱ्याला थेट आजोळी नेतो. रेकॉर्डरवर डेडकॅट (वारा अडवणारं केसाळ टोपडं) चढव, खालची घरघर कापणारा लो-कट ८० हर्ट्झला लाव, रेकॉर्डिंगचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ २४ बिट. एका जागी किमान पाच मिनिटं. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात जागा, तारीख, वेळ, अंतर बोल. घरी आल्यावर सांगू म्हणशील आणि विसरशील. फाइलचं नावही त्याच दिवशी दे: पाऊस, पागोळ्या, घागर, चार हात, तारीख. "न्यू रेकॉर्डिंग ४७" नावाची फाइल म्हणजे हरवलेली फाइल. आणि माणसांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत असेल तर त्यांना विचारून घे, नाहीतर ती फाइल वापरू नकोस.

दुसरं काम खोलीत बसून करायचं आहे आणि ते जास्त कठीण आहे. स्वतःची जुनी कामं ऐक. हेडफोनवर नको, स्वयंपाक करताना फोनच्या स्पीकरवर, लोक ऐकतात तशी. २०१७च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात आलं आणि मराठी ऑडिओबुकचं काम एकदम वाढलं, तेव्हा मीही धडाधड एडिट करत होते. प्रत्येक श्वास कापायचे. स्वच्छ फाइल म्हणजे चांगली फाइल, असा माझा समज. वाचन करणाऱ्या एका आजींना तयार प्रकरण ऐकवलं. अर्ध्या पानातच त्यांनी हात वर केला. "श्वासच ठेवला नाहीस गं. मला ऐकूनच धाप लागली." मी तेव्हा हसले. दोन वर्षांनी एका रिकाम्या जुलैत तीच फाइल पोळ्या लाटताना ऐकली आणि मलाही धाप लागली. आता मी श्वास काढत नाही, आठ-दहा डीबी खाली नेते, आणि वाक्य संपल्यावरचा तर हातच लावत नाही.

तसंच 'च'चं. डी-एसर म्हणजे 'स'सारखे टोचरे आवाज दाबणारं प्लगिन. त्याची तयार सेटिंग्ज (प्रीसेट) इंग्रजी आवाजांवर बेतलेली असतात. 'चंद्र'मधला च ती बरा सोडतात, पण 'चोर'मधला, 'चूल'मधला च, दातांशी घासून येणारा, त्याला ती स म्हणून पकडतात आणि चोराचा बोबडा तोर होतो. 'जरा थांब'मधल्या ज चीही तीच गत. या मंदीत असे तीस-चाळीस शब्द काढ, एक बाईचा आणि एक पुरुषाचा आवाज घे आणि स्वतःचं सेटिंग बसव. तुला कोर्स हवा होता ना, हा घे. फी नाही. एका मंदीत एकच गोष्ट शिकायची एवढं पथ्य मी पाळते. पाच शिकायला गेले की पाचही अर्धवट राहतात आणि तोवर भाद्रपद येतो.

टेम्प्लेट बनवून ठेव हे सगळेच सांगतात, मीही सांगते, पण आधी घड्याळ लाव. एका तासाचा तयार ऑडिओ करायला तुला प्रत्यक्षात किती तास लागतात ते मोज. मी मोजलं तेव्हा रेकॉर्डिंग दोन-सव्वादोन, एडिटिंग साडेतीन, शेवटचं ऐकणं एक, आणि फाइली शोधण्यात, नावं देण्यात, ट्रॅक लावण्यात तब्बल पन्नास मिनिटं. त्या पन्नास मिनिटांचे पैसे कुणी देत नाही. तीन टेम्प्लेटांनी ती दहावर आली: पॉडकास्टचं, शेवटच्या मीटरला उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचं माप), ॲपल तेच सुचवतं, ऑडिओबुकचं, ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुक मंचाच्या मापाने, म्हणजे सरासरी पातळी (आरएमएस) उणे २३ ते उणे १८ डीबी, सर्वोच्च पातळी (पीक) उणे ३च्या खाली आणि खोलीची खरखर उणे ६०च्या खाली, तिसरं टीव्हीचं, आपण युरोपियन उणे २३ धरतो ते.

जुन्या हार्ड डिस्कही एकेक करून जोडून बघ. नुसत्या फिरतात का ते नको, सेशन (कामाची मूळ एडिटिंग फाइल) उघडतं का ते बघ. तीन वर्षांनी एका प्रकाशकाने एका प्रकरणातलं एक चुकलेलं नाव दुरुस्त करायला सांगितलं. डिस्क चालू होती, सेशन होतं, पण त्यातल्या एका प्लगिनचं लायसन्स संपलेलं, सगळा आवाजच बदललेला. पूर्ण प्रकरण पुन्हा करावं लागलं, फुकट. आता काम संपलं की प्रत्येक ट्रॅक प्रक्रियेसकट साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवते. ४८ किलोहर्ट्झ २४ बिट मोनोचा एक तास म्हणजे जेमतेम ५२० एमबी. आजच्या डिस्कच्या भावात ते काहीच नाही.

हे सगळं ओहोटीचं. आटलेल्या विहिरीचं काय? मशीनचा आवाज जिथे चालत नाही तिथे खणायचं. पुण्यातच आहेस तर सोपं आहे. पावसाळ्यात, आपल्याला काम नसतं नेमक्या त्या दिवसांत, पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या एकांकिका बसत असतात. कुठल्याही कॉलेजच्या तालमीला जा आणि पार्श्वसंगीत मी बघते म्हण. पैसे मिळणार नाहीत. एरवी फुकट कामाच्या मी विरोधात आहे, कंपनीला तर एक मिनिटही फुकट देऊ नकोस. विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. भरत नाट्य मंदिरात अंधारात बसून, नटाने वाक्य खाल्लं म्हणून आवाजाचा क्यू (सुरू करायचा इशारा) दोन सेकंद आधी द्यायचा, हे कुठलाही कोर्स शिकवत नाही. आणि त्या पोरांतलीच दोन-चार पाच वर्षांनी मालिका लिहीत असतात, जाहिराती करत असतात. माझी आजची तीन पक्की गिऱ्हाइकं अशाच तालमींतली आहेत.

एक शेवटचं, जे कुणी सांगत नाही: कान तपासून घे. ऑडिओग्रामला, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीला, अर्धा तास लागतो. मी चाळिशी ओलांडल्यावर केला तर डाव्या कानात ४००० हर्ट्झच्या आसपास खाच निघाली, म्हणजे तिथलं ऐकू कमी येतं. आवाजाच्या माऱ्याने पडते तशी. हेडफोनला दोष देत होते, खरं कारण कॉलेजातली ढोल-ताशाची चार वर्षं, ताशा डावीकडे. आता मिक्स करताना ते लक्षात ठेवते आणि मिरवणुकीत कानात बोळे घालते, लोक हसतात.

नोकरीचं तू ठरव. स्वतंत्र झाल्यावर मध्ये मीही एकदा केली, अकरा महिने, वाईट नव्हती. पण हा निर्णय जुलैत घेऊ नकोस. कागद पूर्ण कर, दिवाळीपर्यंतचे चौकोन भरू देत, मग बघ.

आणि आजोबांना उद्या सकाळी सांग, आज ड्युटी आहे, तुमच्यासोबतच. माझ्या साडेचारशे फाइलींत एसटीची घंटा आहे, दार आहे, खडखडणाऱ्या काचा आहेत, पण तिकिटाचा पंच नाही. मशीनवर तिकीट यायला लागलं आणि तो आवाज गेला. तिकीट, तिकीट म्हणत कंडक्टर तो दांडीवर वाजवायचे, प्रत्येकाची लय निराळी. पंच डेपोत जमा झाला असेल, हरकत नाही. त्यांच्या हातात लोखंडी सांडशी दे, समोर खिडकीचा गज, माइक हातभर लांब. गाडीत साठ माणसं आहेत आणि पुढचा स्टॉप यायच्या आत सगळ्यांची तिकिटं काढायची आहेत असं सांग, आणि त्यांनी वाजवायला घेतलं की मध्ये बोलू नकोस.